फिट आली तर चमचा नको

मला अपस्मार आहे. आमच्याकडे कुणी त्याला फेफरं म्हणतं, कुणी आकडी, बहुतेक जण नुसतं ‘फिट येते’ म्हणतात. मोठी फिट येते तेव्हा नेमकं काय घडतं ते मला बघणाऱ्यांकडूनच कळतं, कारण तेवढा वेळ माझ्या आठवणीतून गेलेला असतो. मला आठवतं ते नंतरचं: तोंडात रक्ताची चव, चावली गेलेली जिभेची कड, अंगभर ठणका आणि भोवती माणसांचं कडं.

एसटी स्टँडवर फिट आली तेव्हा त्या कड्यातल्या कुणीतरी कँटीनमधला स्टीलचा चमचा माझ्या दातांमध्ये घातला. जीभ घशात जाऊ नये, हा हेतू. खालचा पुढचा दात त्यात तुटला. एकाने नाकाला चप्पल लावली, एकाने कांदा फोडून आणला. एक मावशी पाणी पाजत होत्या. ते श्वासनलिकेत गेलं नाही हे नशीब. सगळे मदतीलाच धावले होते, आणि मला त्या दिवशी जी काही इजा झाली ती त्या मदतीतूनच झाली. म्हणून हे लिहिते आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. हे संदेश एकाच वेळी बेसुमार सुटले की फिट येते, आणि बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत ती आपोआप थांबते. कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच, मग गुण कांद्याचा ठरतो. जीभ गिळली जात नाही, ती जबड्याला धरून असते. जबडा मात्र इतका घट्ट आवळलेला असतो की आत घातलेल्या वस्तूने दात मोडतात किंवा घालणाऱ्याचं बोट सापडतं.

मी शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलींना मी आधीच सगळं समजावून ठेवलं होतं. पुढे वर्गातच फिट आली तेव्हा त्यांनी बाक बाजूला सारले, डोक्याखाली दप्तर दिलं, चष्मा काढला. झटके थांबल्यावर मला कुशीवर वळवलं, म्हणजे लाळ बाहेर जाते आणि श्वास मोकळा राहतो. हातपाय कुणी दाबून धरले नाहीत. एक मुलगी घड्याळ बघत उभी होती. हे घड्याळ फार महत्त्वाचं आहे. झटके ५ मिनिटांहून जास्त चालले, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी फिट आली, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करा. आयुष्यातली पहिलीच फिट असेल, बाई गरोदर असेल, मधुमेह असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा पाण्यात फिट आली असेल, तरीही रुग्णालय गाठायचंच. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नको.

प्रत्येक फिट अशी दिसणारी नसते. माझ्या वर्गातली एक मुलगी धडा वाचता वाचता मध्येच थांबायची. नजर स्थिर, पापण्या किंचित लवताहेत, आणि काही सेकंदांनी पुन्हा वाचन सुरू. घरी तिला ‘तंद्रीत असते’ म्हणून बोलणी बसत. मी आईवडिलांना बोलावून मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. ईईजी काढल्यावर निदान झालं आणि गोळ्यांनी ते थांबलं. मोठ्यांमध्येही काही जण भान हरपून ओठ चाटत राहतात, पदराशी किंवा शर्टाच्या बटणाशी चाळा करतात. त्याला वेड किंवा बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात वर्षं वाया जातात.

आणखी एक गैरसमज: कोबी-फ्लॉवरमधली अळी डोक्यात जाते आणि फिट येते. अळीचा यात काही संबंध नाही. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून त्या कृमीची अंडी माती, पाणी आणि हातांवाटे अन्नात येतात, पोटात ती फुटून निघालेली सूक्ष्म पिल्लं मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथे गाठ होऊन फिट येऊ शकते. शाकाहारी माणसालाही हे होतं. कोथिंबीर, काकडी, मुळा, जे जे कच्चं खाता ते वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, आणि शौचानंतर हात साबणाने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. नीट म्हणजे रोज, ठरल्या वेळी. बरं वाटतंय म्हणून, उपास आहे म्हणून, लग्नाच्या गडबडीत म्हणून गोळी चुकते आणि बंद झालेली फिट परत येते. निर्जळी उपासाला गोळीपुरतं पाणी पोटात जाऊ द्या. हरतालिकेचं जागरण मी करत नाही; अपुरी झोप माझ्यासारख्यांना हमखास भोवते. बाथरूमची कडी आतून लावत नाही, विहिरीत उतरत नाही, एकटी गॅसपाशी असले तर मागचा बर्नर वापरते.

सगळ्यात जास्त कळकळ मला मुलींच्या लग्नाबद्दल वाटते. नात्यातल्या एका मुलीचं लग्न सासरी न सांगता लावलं. व्हिटॅमिनच्या बाटलीत लपवलेल्या गोळ्या पाहुण्यांच्या गर्दीत घेता येईनात, आणि चुलीपुढे फिट येऊन तिचा हात कोपरापर्यंत भाजला. १९९९च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून अपस्माराची आडकाठी काढून टाकली आहे. कायद्याने अडवलेलं नाही, तर घरच्यांनी लपवायचं कशाला? ठरवतानाच सांगा आणि दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटा. मूल होऊ शकतं का, हे तिथेच विचारा; बहुतेकींना निरोगी मुलं होतात. गोळी सोडियम व्हॅलप्रोएटची असेल तर तिने गर्भात व्यंग येण्याचा धोका वाढतो, म्हणून दिवस राहायच्या आधीच औषध बदलण्याबद्दल बोला, फॉलिक अ‍ॅसिड कधी सुरू करायचं तेही विचारून घ्या. आणि दिवस राहिल्याचं नंतर कळलं तर घाबरून गोळी स्वतःहून बंद करू नका. मोठी फिट बाळाला आणि आईलाही घातक ठरू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.