खोली कशी आहे गं?

मुलांची ॲडमिशन झाली की आपला जीव भांड्यात पडतो. कॅप राउंड, दाखले, फी या सगळ्यात इतकं दमायला होतं, की राहायच्या जागेचं 'बघू काहीतरी' म्हणून सोडून देतो. मीही तेच केलं.

लेकीचं नाव सरकारी वसतिगृहाच्या यादीत लागलं नाही. दोन दिवसांची रजा टाकून आम्ही पुण्यात कॉट बेसिसवर जागा धरली. डिपॉझिट भरलं, गादी-बादली घेऊन दिली आणि रात्रीच्या गाडीने लातूरला परत. खोली पाहिली तीही संध्याकाळी, लाइट गेलेले असताना.

मग रोज व्हिडिओ कॉल. तिच्या मागे कायम तीच पिवळी भिंत. "सगळं छान आहे गं आई." दिवाळीनंतर न कळवता गेले तेव्हा समजलं, त्या खोलीत ओल न आलेली तेवढी एकच भिंत होती. पाच कॉट, मधे दोरीवर न वाळलेले कपडे, पुस्तकं कॉटखालच्या बॅगेत. अभ्यासाला ती जिन्यात बसायची.

"सांगितलं का नाहीस?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तुम्ही आधीच एवढे पैसे भरलेत," ती म्हणाली.

आपण पैशांची ओढाताण मुलांसमोरच बोलत असतो. त्यांना टोचावं म्हणून नाही, सवयीनं. मुलं ते मनात ठेवतात आणि अडचण गिळून टाकतात. म्हणून आता फोनवर मार्कांच्या आधी विचारते, झोप लागते का, पाणी किती वाजता येतं, अभ्यासाला कुठे बसतेस. भाड्याला किती झेपेल तो आकडाही तिला सरळ सांगून टाकला. त्यानं ती उलट निवांत झाली.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७पासून स्वाधार योजना आहे. तिनं अर्जच भरला नव्हता, मैत्रिणींना कळेल म्हणून. तिच्याजवळ बसून मी एवढंच म्हटलं, की हा तुझा हक्क आहे. आदिवासी मुलांसाठी 'स्वयम्' आहे, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. आपलं मूल कशात बसतं ते ॲडमिशनच्या धावपळीतच विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला आणि खोली भाड्याने घेतल्याचा पुरावा लागतो, तेव्हा घरमालकाशी त्याचं आधीच बोलून ठेवा. पैसे मागाहून येतात, डिपॉझिट मात्र आधी भरावं लागतं. तेवढी सोय आपल्यालाच करावी लागते.

पुण्या-मुंबईसाठी स्वाधारची रक्कम ठरली ती वर्षाला ६०,००० रुपये. त्यात राहण्याचे २०,०००, म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत. लेकीची ती ओलीची कॉट साडेतीन हजारांची होती! हा भत्ता वाढायला हवाच, पण भत्त्यानं खोल्या उभ्या राहत नाहीत. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. खेड्यातल्या पोराला पाठ टेकायला जागा नसेल तर नुसती शाळा काय कामाची, हे त्यांच्या राज्यात उमगलं होतं. सरकारी वसतिगृहांच्या जागा वाढाव्यात म्हणून आपण पालकांनी मिळून आमदारांकडे का जाऊ नये? रस्त्यासाठी जातोच ना.

आणखी एक. घरमालक भाड्यावर जीएसटी मागत असेल तर गप्प भरू नका. २०२४मध्ये जीएसटी परिषदेने माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचं वसतिगृहाचं भाडं करमुक्त केलं आहे, सलग ९० दिवस राहणं असेल तर.

जानेवारीत लेकीनं खोली बदलली. तिघीजणी आहेत, खिडकीपाशी छोटं टेबल आहे. पहिल्याच संध्याकाळी तिनं फोन फिरवून मला चारही भिंती दाखवल्या. कोपऱ्यात थोडे पोपडे निघालेत, तेही दाखवले.