आधी निदान, मग दुरुस्ती : वाहन सुरू न होण्याची कारणे

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत अनेक कुटुंबांचा चरितार्थ रिक्षा, टेम्पो किंवा दुचाकीवर चालतो. सकाळी वाहन सुरू झाले नाही, तर त्या दिवसाची कमाई बुडते; आणि घाईने सुटे भाग बदलले, तर पुढील कित्येक दिवसांची. म्हणून कारण शोधण्याचा क्रम आम्ही येथे देत आहोत.

प्रथम सेल्फ फिरतो का, ते पाहावे. नुसता ‘टक्’ असा आवाज होऊन दिवे मंदावत असतील, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या जोडण्यांत असतो. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा योग्य असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर टर्मिनल आणि अर्थिंगची तार तपासावी. खाऱ्या हवेने त्यांना गंज चढतो. ती घासून, घट्ट बसवून व्हॅसलीन लावल्यास नव्या बॅटरीचा खर्च पुष्कळदा वाचतो.

सेल्फ जोमाने फिरूनही पेट्रोल इंजिन सुरू होत नसेल, तर प्लग काढून पाहावा. तो ओला असल्यास इंधन पोहोचते आहे, ठिणगी तपासावी. कोरडा असल्यास टाकी, नळी व फिल्टर पाहावेत. काळी काजळी दिसल्यास एअर फिल्टर चोंदला असण्याचा संभव असतो. डिझेल इंजिनात इंधननळीत शिरलेली हवा आणि पावसाळ्यात डिझेलमध्ये मिसळलेले पाणी ही नेहमीची कारणे होत.

थांब्यावर इंजिन थरथरून बंद पडत असेल, तर स्लो जेटमधील कचरा किंवा भेगाळलेली रबरी नळी शोधावी. केवळ स्क्रू पिळून रेस वाढविल्याने लक्षण झाकते, दोष राहतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर दुचाकींत फ्युएल इंजेक्शन रूढ झाले. तेथे थ्रॉटल बॉडी व सेन्सर तपासावे लागतात.

एक इशारा महत्त्वाचा. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या पुरात असंख्य वाहने बुडाली. अशा वाहनाचा सेल्फ कधीही मारू नये. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवून वाहन ओढून न्यावे.

या व्यवसायात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी हा क्रम आपल्या हाताखालील मुलांना शिकवावा, आणि पालकांनी दुरुस्तीचे पैसे देण्यापूर्वी ‘दोष कसा ओळखला?’ एवढे अवश्य विचारावे.