लाकडी अस्तर काढल्यावर भिंतीचे काय करावे?

आपल्या ट्रस्टच्या सभागृहातील भिंतींवरचे जुने प्लायवूडचे अस्तर काढून तेथे मुलांसाठी अभ्यासिका करावी, असे कार्यकारी मंडळाने ठरविले आहे. अस्तर काढल्यावर पुढे काय, ह्यावर बैठकीत बरीच भवति न भवति झाली. काहींचे म्हणणे, जिप्सम बोर्ड ठोकून मोकळे व्हावे. काहींचे, सिमेंटचा गिलावा बरा. मी शास्त्र शिकवितो म्हणून दोन शब्द लिहिण्याचे काम मजकडे आले. परंतु ह्या बाबतीतले माझे ज्ञान पुस्तकातले थोडे आणि पदरमोड करून मिळविलेले अधिक आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

आमच्या घरी अब्बांनी हौसेने बसविलेले असेच अस्तर होते. 2022 साली ईद मे महिन्याच्या आरंभी आली. त्याआधी खोली रंगवून तयार हवी, म्हणून मी गवंड्यामागे तगादा लावला. अस्तर काढून चार दिवसांत सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी, वर रंग, सारे उरकले. ईदला आलेल्यांनी वाहवा केली. पावसाळा सरता सरता रंगाला फोड आले, आणि दिवाळीच्या सुट्टीत नुसता हात टेकताच ताटाएवढा पापुद्रा खाली आला. गवंडी बिचारा पहिल्यापासून सांगत होता, “सर, भिंत वाळू द्या.” मीच ऐकले नाही.

पूर्वी लाकडी अस्तर शोभेसाठी बसवीत हे खरे. पण पुष्कळदा भिंतीची ओल झाकण्यासाठीही बसवीत. म्हणून काढलेले तक्ते लगेच भंगारात देऊ नयेत, आधी त्यांची मागची बाजू पाहावी. जमिनीलगत काळसर डाग असतील, तर ओल पायातून चढते आहे. डाग वरून ओघळलेले असतील, तर छप्पर किंवा पन्हळ पाहावी. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. (तक्ते उचकटण्यापूर्वी विजेचा मुख्य खटका बंद करावा, मागे जुन्या तारा असतात.)

ओल अजून जिवंत आहे की जुनी, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दीड-दोन फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूस दव साचले तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूस साचले तर ते खोलीतील हवेतले. मात्र ही परीक्षा उन्हाळ्यात घेऊन समाधान मानू नये. बेळगावच्या पावसाळ्यात, त्यातही पश्चिमेच्या भिंतीवर, ती पुन्हा घ्यावी.

आपल्याकडील जुन्या भिंती बहुधा जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या, त्यांवर चुन्याचा गिलावा. अशी भिंत पाणी शोषते आणि उन्हा-वाऱ्यात परत सोडते. तिच्यावर सिमेंटचा कठीण थर दिला की पाण्याची वाट बंद होते. ते आतल्या आत क्षार विरघळवते, क्षार थराच्या मागे साचून फुलतात आणि थर सुटतो. माझ्या पापुद्र्याचे हेच कारण. चुन्याचे वर्तन निराळे आहे. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसवर भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. उरलेली कळी पाण्यात विरवून भिंतीला लावली की ती हवेतला तोच वायू हळूहळू परत घेते आणि पुन्हा दगड बनते. हे काम सावकाश चालते, म्हणून गिलावा पातळ थरांनी करावा व काही दिवस ओलसर ठेवावा. वर तेलरंग नको, चुन्याची सफेदीच हवी.

गिलाव्याआधी एक कटकटीचे काम असते. सुतारांनी पट्ट्या ठोकण्यासाठी भिंतीत लाकडी गुट्ट्या बसविलेल्या असतात. त्या तशाच ठेवून वरून लिंपू नये. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बरोबर त्याच जागी गोल तडा उमटतो. प्रत्येक गुट्टी उपसून, भोक साफ करून, पाणी मारून, चुना-वाळूने दोन वेळा भरावे. आमच्या एका खोलीत अशा एकशे बारा निघाल्या. मुलांनी मोजल्या होत्या.

अस्तराखाली जुना तेलरंग सापडला, तर तो कोरडा मुळीच घासू नये. घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमपेक्षा अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला व 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते, आणि ही खोली तर त्यांच्यासाठीच आहे. पाणी लावून घासावे, तोंडावर चांगला मास्क असावा, मुलांस आत येऊ देऊ नये, जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

आता जिप्सम बोर्ड. कोरड्या भिंतीवर तो उत्तम. ओल्या भिंतीवर मात्र जुने झाकण काढून नवे घालण्यासारखे होईल. बोर्ड सहसा 12.5 मिलिमीटर जाडीचा असतो. तो जमिनीपासून बोटभर वर ठेवावा, नाहीतर फरशी पुसतानाचे पाणी शोषतो. स्क्रूचे डोके कागदाच्या किंचित आत जावे, पण कागद फाटू नये. कारागिराची परीक्षा सांध्यांत होते. बोर्डाच्या लांब कडा उतरत्या असतात, त्या खळग्यात कंपाउंड भरून कागदी पट्टी दाबून बसवितात. ती वाळल्यावर दुसरा हात अधिक रुंद, तिसरा जवळजवळ फूटभर रुंद आणि अगदी पातळ. आखूड कडांना उतार नसतो, तेथे उंचवटा राहतो. म्हणून तेथे दोन्ही बाजूंस आणखी लांबवर पसरावे लागते. प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळू द्यावे. पावसाळी हवेत एक दिवस पुरत नाही. शेवटी बारीक काचकागद फिरवावा, आणि संध्याकाळी भिंतीला लगटून दिवा धरून पाहावे. दुपारच्या उजेडात सपाट वाटलेली भिंत त्या तिरप्या उजेडात सगळे उणे दाखविते. प्रायमर वगळू नये. कागद आणि कंपाउंड रंग सारखा शोषत नाहीत, त्यामुळे सांध्यांचे पट्टे रंगातूनही दिसत राहतात.

सभागृहाच्या तीन भिंतींवरचे तक्ते मागून स्वच्छ निघतील असे कडेने डोकावून पाहता वाटते. पश्चिमेच्या भिंतीचा एक तक्ता आम्ही काढला. तो खालून हातभर काळा आहे. तेथे प्लास्टिकचा तुकडा लावून ठेवला आहे. पावसाळा संपेपर्यंत तो अधूनमधून बदलत राहू, आणि तोपर्यंत त्या भिंतीचे कंत्राट देऊ नये, अशी मंडळास माझी विनंती आहे.