कोनाच्या समुद्रावर पती-पत्नी : मासा ठेवावा की सोडावा?

गळाने मासे धरणे हा आपल्याकडे बहुतांशी उपजीविकेचा, क्वचित नदीकाठच्या विरंगुळ्याचा विषय आहे. शुभवर्तमानांतील मासेमारीदेखील पोटापाण्याचीच. तीत जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो, गळाचा मात्र एकदाच, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात, आणि तोही कराच्या निमित्ताने. केवळ करमणुकीखातर नौका भाड्याने घेऊन खोल समुद्रात जावे आणि आपल्याहून कितीतरी जड माशाशी झुंजावे, ही कल्पना आपल्या आजोबांना विलक्षणच वाटली असती. परंतु आज आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना परदेशी असतात, लग्नाच्या वाढदिवसाला दूरच्या बेटांवर जाणारी जोडपीही काही थोडी नाहीत, आणि अशा सफरीची जाहिरात तेथे पावलोपावली दिसते. तेव्हा विवाहितांच्या अभ्यासमंडळात हा विषय घेणे अप्रस्तुत ठरू नये. उदाहरणादाखल आपण हवाई बेटावरील कोना किनारा घेऊ.

हवाई हे प्रशांत महासागरात ज्वालामुखींनी घडवलेले बेट. कोना हा त्याचा पश्चिम किनारा. मौना लोआ (४,१६९ मीटर) आणि हुआलालाई (२,५२१ मीटर) हे पर्वत ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे अडवतात, म्हणून येथील पाणी बहुधा शांत असते. शिवाय पर्वताचा उतार पाण्याखालीही तसाच पुढे जात असल्याने किनाऱ्यापासून काही किलोमीटरांतच तळ हजार मीटरांहून खोल जातो. अन्यत्र खोल समुद्राचा मासा गाठण्यास तासन्‌तास प्रवास करावा लागतो. येथे होनोकोहाउ बंदर सोडताच गळ टाकता येतात. मार्लिनसारख्या चोचवाल्या माशांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५९ सालापासून या किनाऱ्यावर भरू लागली, ती याच सोयीमुळे.

येथील मानाचा मासा म्हणजे निळा मार्लिन. वरचा जबडा भाल्यासारखा लांब, पाठ गडद निळी, पोट रुपेरी. त्याच्याविषयी एक गोष्ट जाहिरातीत सहसा सांगितली जात नाही. या जातीचा नर साधारणतः दीडशे किलोंच्या पलीकडे वाढत नाही. त्याहून मोठा मार्लिन ही बहुतेक नेहमीच मादी असते, लक्षावधी अंडी घालणारी. म्हणजे धक्क्यावर उलटा टांगलेला जो प्रचंड मासा छायाचित्रांत दिसतो, तो ‘तो’ नसून ‘ती’ असते.

आता प्रत्यक्ष सफर. नौका पहाटे निघते. चार तासांची अथवा आठ तासांची सफर ठरवता येते. कप्तान आणि एक खलाशी सोबत असतात, आणि लहान नौकांच्या परवान्यानुसार सहापेक्षा अधिक प्रवासी घेता येत नाहीत. दोन्ही बाजूंना लांब दांडे पसरून चार-पाच दोर मागे सोडतात व नौका ताशी सुमारे पंधरा किलोमीटर वेगाने चालवत रंगीत प्लास्टिकची आमिषे पृष्ठभागावरून ओढत नेतात. मग वाट पाहणे. बहुतेक वेळ काहीही घडत नाही, आणि ज्यांना पोटात ढवळते त्यांनी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच गोळी घेतलेली बरी. मासा लागला की मात्र रीळ किंचाळू लागते, खलाशी इतर दोर भराभर आवरतो आणि कोणीतरी एकाने मागच्या खुर्चीत बसायचे असते.

ते कोणी? प्रस्तुत लेखकाने जी जी छायाचित्रे पाहिली, त्यांत खुर्चीत बहुधा पती असतो. पत्नी कॅमेऱ्यामागे असावी, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. पाळी आधीच ठरवलेली असेल तर त्या गोंधळात वाद होत नाही. येथे एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. १९३९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय क्रीडा-मत्स्य संघटना जागतिक विक्रमांची नोंद ठेवते, आणि तिच्या नियमाप्रमाणे मासा लागल्यावर दुसऱ्या कोणी काठीला हात लावला तर तो विक्रम बाद ठरतो. १९७० साली ओआहू बेटाजवळ भाड्याच्या नौकेवरील पाहुण्यांनी १,८०५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८१९ किलोंचा निळा मार्लिन आणला. त्याच्या पोटात सत्तर किलोंचा ट्यूना निघाला! पण काठी अनेकांच्या हातून गेली होती, म्हणून विक्रमांच्या यादीत त्याला स्थान मिळाले नाही. ते स्थान कोनाच्याच पाण्यात १९८२ साली एकट्याने धरलेल्या १,३७६ पौंडांच्या माशाला मिळाले.

ज्यांना विक्रम करावयाचा नाही, अशा जोडप्याने या नियमाचे ओझे का वाहावे? माशाच्या दृष्टीने पाहिले तर उलटच योग्य आहे. एकटा दमलेला माणूस दोन-तीन तास झुंजत राहतो, तेव्हा मासाही तितकाच थकतो. त्याच्या स्नायूंत आम्ल साचते व सोडल्यावरही तो तगेल याची खात्री राहत नाही. खलाशाच्या मदतीने काठी पतीकडून पत्नीकडे, पत्नीकडून पतीकडे गेली, तर झुंज लवकर संपते. त्याच कारणासाठी बारीक दोरापेक्षा मजबूत दोर मागून घ्यावा.

सोडलेला मासा खरोखर जगतो काय, हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. त्याची पाहणी झालेली आहे. अटलांटिकमधील पांढऱ्या मार्लिनवर उपग्रहाला संदेश देणाऱ्या खुणा लावून केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ‘जे’ आकाराच्या नेहमीच्या गळाने धरून सोडलेल्या २० माशांपैकी १३ जगले. टोक आत वळलेल्या वर्तुळाकार गळाने धरलेले २० पैकी २० जगले. कारण साधे आहे. मासा आमिष गिळतो तेव्हा सरळ गळ घशात वा पोटात रुततो. वर्तुळाकार गळ तेथून घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. मात्र हा निष्कर्ष खऱ्या माशाच्या आमिषाला लागू पडतो. कोनात ओढली जाणारी प्लास्टिकची आमिषे मासा सहसा गिळत नाही, आणि त्यांना बहुधा ‘जे’ गळच असतो. तेथे दोन गळांऐवजी एकच लावण्याची विनंती करावी.

मासा ठेवणे हे पाप आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. कोळीवाड्यांत वाढलेल्या आपल्या वाचकांना तर हा प्रश्नच चमत्कारिक वाटेल. २०२१ साली झालेल्या शास्त्रीय मूल्यमापनात प्रशांत महासागरातील निळ्या मार्लिनची अतिमासेमारी होत असल्याचे दिसले नाही, आणि मार्लिन मरतात ते मुख्यतः व्यापारी नौकांच्या मैलोगणती लांब दोरांवर, पर्यटकांच्या गळावर नव्हे. कोनात धरलेला मासा नौकेचा, अशी जुनी रीत आहे. तो तेथेच विकला जातो किंवा धुरावर सुकवून खाल्ला जातो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २०१२ च्या कायद्याने मार्लिनची विक्री बंद झाली, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर हवाईचा मार्लिन तिकडे विक्रीस पाठवता येत नाही. तरीही पाहुण्यांनी दोन बाबी जाणून असाव्यात. पहिली, मासा आपला राहील अशा समजुतीने तो ठेवण्यास सांगितले तर शेवटी हाती फार तर चार तुकडे येतील. दुसरी अधिक गंभीर. मार्लिनच्या मांसात पारा फार असतो. गर्भवतींनी, स्तनपान देणाऱ्या मातांनी आणि बालकांनी तो खाऊ नये असा अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. अपत्याची वाट पाहणाऱ्या नवदांपत्याने हे विसरू नये. जेवणासाठी मासा हवाच असेल तर माहीमाही ठेवावा. तो झपाट्याने वाढतो, काही महिन्यांतच अंडी घालू लागतो व चवीलाही उत्तम.

हे सारे समुद्रावर बोलण्याचे नाही. मोठा मासा नौकेशेजारी आला की खलाशाच्या हातात आकडी असते, पती हर्षाने ओरडत असतो, पत्नी कदाचित गप्प असते, आणि जो मोठ्याने बोलतो त्याचे चालते. म्हणून पैसे देण्यापूर्वी धक्क्यावरच दोघांनी एकमताने कप्तानास सांगावे : मार्लिन सोडावयाचा आहे, पाण्याबाहेर काढावयाचा नाही. भिंतीवर स्मरण म्हणून लावावयाचे असेल तर लांबीच्या अंदाजावरून फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती तयार करून मिळते. त्यासाठी मासा मारावा लागत नाही. एखादा कप्तान हे मान्य करणार नाही. मग दुसरी नौका शोधावी. बंदरात त्यांची वाण नाही.

सोडण्याची रीत अशी. मार्लिनला श्वासासाठी पुढे पोहत राहावे लागते, तरच कल्ल्यांतून पाणी वाहते. म्हणून खलाशी हातमोजे घालून त्याची चोच धरतो आणि कप्तान नौका अगदी सावकाश पुढे नेतो. गळ सहज निघाला तर काढतात, नाही तर दोर तोंडाजवळ कापतात. शेपटीत जोर परत येईपर्यंत कधी पाच मिनिटे लागतात, कधी बरीच अधिक. त्या अवधीत दोघांनीही कठड्याशी यावे, कारण मासा खोल निळ्या पाण्यात उतरताना दिसतो तो काही क्षणच.