आधी ‘कुठे’, मग ‘काय’

पोरी,

तुझ्या आईचा काल साताऱ्याहून फोन आला. म्हणाली, दादा, ही न्यूरोलॉजीच म्हणतेय, तिला चार गोष्टी सांग.

प्रवेशाच्या वाटा दोन आहेत. नीट-एसएसला मुलाखत नाही. १५० प्रश्न, सगळे मेडिसिनचे, आणि गुणांवर जागा. न्यूरोलॉजी हवी म्हणून किडनी आणि हृदय बाजूला ठेवून चालणार नाही. एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस वेगळी. तिथे लेखी पार पडली की विभागातले प्राध्यापक समोर बसवून तपासतात. कागदांचं आत्ताच बघ. तुझी एमबीबीएसची पदवी माहेरच्या नावाने आहे आणि आधार सासरच्या. राजपत्रातली नोंद काढून ठेव, ऐनवेळी धावपळ नको.

आता मुलाखतीचं. मला विचारलं होतं, पंचेचाळिशीचा शेतकरी आहे, दोन्ही पाय हळूहळू जड पडत चाललेत, काय करशील? मी ताडकन म्हणालो, एमआरआय. सरांनी शांतपणे विचारलं, कुठला? डोक्याचा, मानेचा की पाठीचा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी जागा गेली. बिघाड मेंदूत आहे, मज्जारज्जूत, नसेत की स्नायूत, हे आधी ठरव. आजाराचं नाव त्यानंतर.

ते ठरतं पेशंटच्या बोलण्यावरून, आणि इथे आपली भाषा तुझ्या हाताशी आहे. ‘चप्पल पायातून निसटते’ असं कुणी म्हणालं की लगेच विचार, निसटल्याचं कळतं का? कळत असेल तर पायात जोर नाही. न कळता निसटत असेल तर संवेदना गेलीय. ‘तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो’ म्हणजे घरातल्या मोरीत रॉम्बर्गची तपासणी आपोआप झाली. मांडी घालून बसल्यावर जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, तर आधी मांडीचे आणि कमरेचे स्नायू बघ. चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं की नाकातून येतं, यात चेहऱ्याची नस आणि घशाच्या नसा वेगळ्या होतात. मुलाखतीत केस सांगताना पेशंटचं हे वाक्य जसंच्या तसं सांग, आणि त्यावरून तू कुठे पोचलीस तेही.

पेशंटकडे नीट पाहण्यातून काय हाती लागतं ते ऐक. नोशीर वाडियांनी १९५७ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यूरोलॉजीचा विभाग सुरू केला. १९७१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार मांडला. या लोकांचा तोल जायचा, आणि नजर एका बाजूकडून दुसरीकडे नेताना डोळे फार सावकाश फिरायचे. हे त्यांना खाटेशी उभं राहून दिसलं. त्यामागचं जनुक सापडलं १९९६ मध्ये. ही गोष्ट मी दर वर्षी माझ्या रेसिडेंटना सांगतो, कारण मला ती अजून थक्क करते.

न्यूरोलॉजीच का, हे विचारतीलच. ‘लहानपणापासून आवड’ म्हणू नकोस. फिट आल्यावर ज्याला कांदा हुंगवत बसले आणि गोळ्या कुणी चालूच केल्या नाहीत, असा पेशंट तुझ्या वॉर्डात येऊन गेलाच असेल. त्याची गोष्ट सांग.

जागा निवडताना शहराच्या नावावर जाऊ नकोस. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठ. रात्री स्ट्रोक आला तर गुठळी विरघळवायची सुई द्यायचा निर्णय कोण घेतं? ईईजी आणि नर्व्ह कंडक्शन स्वतःच्या हाताने करायला मिळतं का? पुढे तू इकडे मिरजेकडेच बसणार असशील, तर जतहून किंवा आटपाडीहून निघालेल्या स्ट्रोकच्या पेशंटला लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ती सुई मिळायला हवी. ते काम सीनियरच्या मागे उभं राहून शिकता येत नाही.

येत्या रविवारी मिरजेला ये. हॅमर आण. कुष्ठरोगाचे जुने पेशंट तपासणीला येतात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागे बोट ठेवलं की जाड झालेली अल्नर नस दोरीसारखी लागते. आधी माझ्या कोपराशी चाचपून बघ, मग त्यांच्या. सकाळी नऊला पोच, म्हणजे गर्दी व्हायच्या आत दोघा-तिघांना नीट वेळ देता येईल.

– मामा