शिंपल्यांची बटणे

मस्कॅटीन हे अमेरिकेतील आयोवा राज्यातले मिसिसिपीकाठचे लहानसे शहर. लाकूडकापीच्या गिरण्या हा तेथला जुना धंदा. १८९१ साली जॉन बेपल या जर्मन कारागिराने नदीतल्या शिंपल्यांपासून बटणे करण्यास आरंभ केला. आदल्याच वर्षी परदेशी बटणांवर जबर जकात बसली होती, हे विसरून चालणार नाही. १९०५ साली तेथे सुमारे दीड अब्ज बटणे झाली! माझे वडील शिंपी. त्यांना हा आकडा खरा वाटेना.

आकड्यांचा दांडा नदीतळातून ओढीत. उघडा शिंपला आकड्यावर मिटे नि अडके. तो उकळून, नळीसारख्या करवतीने चकत्या कापीत. मजुरी नगावर. मोजणीत आपण नाडले जातो, ही कामगारांची तक्रार. १९११ साली टाळेबंदी आणि संप झाले.

शिंपले संपू लागले, तेव्हा जवळच फेअरपोर्टला त्यांच्या पैदाशीचे सरकारी केंद्र निघाले. बेपल तेथेच नोकरीस लागला. पायाला शिंपला लागून रक्त दूषित झाले व १९१२ साली तो वारला.