घोडेस्वारी, मुले आणि तवक्कुल

सुट्टीच्या संध्याकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर घोडा दिसला, की मूल त्यावर बसण्याचा हट्ट धरते. "बिस्मिल्लाह" म्हणून आपणही त्याला उचलून बसवतो. वाचकहो, त्याआधी खोगिराचा तंग घट्ट आहे का, हे आपण पाहिले होते काय?

घोडेस्वारी ही इस्लामला प्रिय असलेली विद्या आहे. सूरह आदियातमध्ये अल्लाहने धावणाऱ्या घोड्यांची शपथ घेतली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत शर्यती लावल्या. सहीह बुखारीत त्यांचे वर्णन आहे. शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्यांना अल-हफया ते सनियतुल विदा हे पाच-सहा मैलांचे अंतर होते. तयारी न झालेल्या घोड्यांना केवळ एक मैलाचे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनीही त्यांत भाग घेतला होता. जेवढी तयारी तेवढीच मजल, हा यातील बोध आहे.

चालत्या घोड्याच्या पाठीवर कसरती करण्याच्या 'व्हॉल्टिंग' या खेळाचा पायाही हाच आहे. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने १९८३ मध्ये त्याला मान्यता दिली. प्रशिक्षक लांब दोराने घोड्याला वर्तुळात फिरवतो. घोड्याच्या पाठीवर जाड गादी आणि दोन मुठींचा पट्टा असतो. मूल प्रथम लाकडी घोड्यावर शिकते, मग संथ चालीच्या घोड्यावर आणि शेवटी दौडीवर. गुडघे वाकवून सुरक्षित उतरणे त्याला आरंभीच शिकवतात. यातून तोल, ताकद आणि लय येते, भीती ओसरते, मुक्या जनावरावर आणि सोबत्यांवर विश्वास ठेवण्याची सवय जडते.

तरीही पडण्याचा संभव राहतोच. प्रत्यक्ष प्रेषित (स.) घोड्यावरून पडून जखमी झाले होते आणि त्यांनी बसून नमाज पढवली होती. म्हणून सावधगिरीला भित्रेपणा समजू नये. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच त्यांची शिकवण आहे.

तेव्हा मुलाला बसवण्यापूर्वी तंग आणि लगाम पाहावा. डोक्यावर मापाचे शिरस्त्राण आणि पायांत टाचेचे बूट असावेत. घोड्याच्या मागून जाऊ नये, दोर हाताला गुंडाळू नये. लाटा, फटाके आणि गर्दी यांनी घोडा बुजतो. अशा ठिकाणी फेरी टाळावी. एका घोड्यावर दोन-तीन मुले बसवू नयेत. लंगडणारा, जखमी वा थकलेला घोडा असेल, तर मुलाला समजावून परत फिरावे. मुक्या जनावरांविषयी अल्लाहचे भय बाळगण्याची आज्ञा आपल्याला आहे, आणि त्या दिवशी मुलाला दया शिकता येईल.

संतती ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. तिला धाडस शिकवावे, आणि तिच्या रक्षणाचे कर्तव्यही पार पाडावे. अल्लाह आपल्या मुलांना सामर्थ्य आणि सुरक्षितता देवो. आमीन.